तिसऱ्या वर्गातला भागवत

२ जून
भागवतनं आज पुन्हा सर्व्हर ठप्प केला! बिलिंगच्या पोरी हातावर हात ठेवून, बाहेर दुकानदार ओरडताहेत, आणि हे महाशय सोयाबीनच्या दाण्यांचे हजारो फोटो प्रोग्रॅमला घालून निवांत. म्हणे, साल फुटलेला, न उगवणारा लॉट शोधतोय. अख्ख्या कंपनीत बियाण्याची काळजी यालाच.

साहेब म्हणाले, "साधना, हंगामात बिलं थांबली न्हाई पाहिजेत. सिस्टिम तू बघती ना? मंग कर काहीतरी जल्दी."

करतेच.

३ जून
सर्व्हरवर तीन वर्ग पाडले. पहिला बिलिंगचा — प्रोसेसरवर आधी हक्क त्यांचा. दुसरा गोदामाचा. तिसऱ्यात एकटा भागवत — प्रोसेसरचा दहावा हिस्सा, मेमरीही तुटपुंजी. इतकं कमी दे असं साहेब म्हणाले नव्हते. ते माझ्या मनानं. सगळ्यांसमोर "हिला काय कळतं" म्हणाला होता ना? भोग आता.

४ जून
मेमरीची मर्यादा ओलांडली की त्याचा प्रोग्रॅम आपोआप बंद पडतो. आज सारखा पडत होता. बघून बरं वाटलं.

दुपारी दारात येऊन उभा. "वाटूरला बियाण्याची गाडी जायच्या आधी निकाल पाहिजे. त्या लॉटवर शक हाय मला. मर्यादा वाढव."

"साहेबांना विचारा."

"विचारलं. ते म्हणले, साधनाला विचार."

मी मर्यादा तशीच ठेवली.

५ जून
भागवत बोलत नाही. उत्तम.

९ जून
ऑफिसात कुबट वास. भागवतच्या टेबलाखाली ओल्या गोणपाटाची गुंडाळी! पेरणीआधी बाबा घरी शंभर दाणे भिजवून उगवण बघतात, तसलं. एवढा शिकलेला माणूस आणि एसीत हा चिखल. फेकूनच देणार आहे.

१० जून
वाटूरची गाडी सकाळी गेली. भागवत म्हणे गेटपाशी आडवा उभा राहिला, वॉचमननं ओढून बाजूला केलं. साहेबांनी त्याला घरी पाठवलं. सर्व्हर एकदम झकास.

१३ जून
गोणपाट फेकायला उचललं तर उलगडलं. शंभरातले तीसेक उगवलेत. बाकीचे कुजलेत. आतल्या चिठ्ठीवर वाटूरला गेलेल्या लॉटचाच नंबर.

लगेच वाटूरला बाबांना फोन लावला. मी काही बोलायच्या आधीच ते खुशीत — "पेरून झालं कालच. यंदा गोणपाट भिजवलंच न्हाई. म्हणलं, आपल्या साधनाच्या कंपनीचं बी हाय, त्याला काय बघायचं."