आईच्या फोटोतले डोळे

आबा, तुम्ही पणदऱ्याहून एसटीनं बारामतीला आलात आणि मी कामाला होते त्या स्टुडिओच्या पायरीवर चपला काढून आत शिरलात, तो दिवस आज लिहायला घेतला आहे. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्याकडे नुकताच कॉम्प्युटर आणि स्कॅनर आला होता, तो चालवणारी मी एकटीच, त्यामुळं मी जरा हवेतच होते. तुम्ही आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेला फोटो काढलात. तुम्ही सोमेश्वरनगरला कारखान्यात फिटर होतात तेव्हाचा, कॉलनीतल्या हळदीकुंकवाचा. वीस-पंचवीस बायका आणि मागच्या रांगेत कडेला आई, चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. "हिला एकटीला मोठी कर. भितीवर लावायचीय. दुसरा फोटू न्हाय तिचा," तुम्ही म्हणालात. आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते, आणि त्याला आता बारा वर्षं झाली होती.

समोर गिऱ्हाइकं बसलेली. मी तुमच्याकडे नीट न बघताच म्हणाले, "एवढ्याशा चेहऱ्याचा मोठा फोटो कसा होईल, आबा? काहीतरीच!" तुम्ही रुमालाची घडी घालत हळूच म्हणालात, "तूच म्हणत हुतीस, मशीन लई बारीक बघतंय." आणि बाकावर जाऊन बसलात, दुपार उलटेपर्यंत. खरं तर मोठा करता येत होता. मालकांनी शिकवलं होतं, चेहरा मोठा छापायचा तर तेवढाच भाग अगदी बारकाईनं स्कॅन करायचा. फाइल फुगते, मग तिचे तुकडे सात-आठ फ्लॉप्यांवर घालून पुण्याच्या लॅबला धाडायचे. अर्ध्या तासाचं काम. लोकांच्या नवरा-नवरीसाठी तो अर्धा तास मी रोज देत होते. तुमचं काम सगळ्यांत शेवटी घेतलं, पार्सल नेणारा दारात खोळंबला होता, म्हणून आई एका फ्लॉपीत मावेल इतकी लहान करून टाकली. मूळ फोटो रुमालात बांधून तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं परत गेलात.

आठवड्यानं प्रिंट आली. गालांच्या जागी चौकोनी ठिपके, डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग. मालक म्हणाले, "फोटो परत मागव, नव्यानं कर." पण परत मागायचा म्हणजे चूक कबूल करायची. मी गाल पुसून गुळगुळीत केले आणि माझ्या पासपोर्टच्या फोटोतले डोळे कापून आईला लावले.

घरी तुम्ही ती फ्रेम दोन्ही हातांत धरून दारातल्या उजेडात उभे आहात, बराच वेळ. मग म्हणता, "डोळं तुझं हायती गं." मी म्हणते, "मशीनला एवढंच जमतं, आबा." तुम्ही मान हलवता. "ऱ्हाऊ दी. मायलेकी एका चौकटीत बसल्या." खिळा तुम्हीच ठोकलात. येईल त्याला सांगायचात, "लेकीनं केलाय," आणि मी पाणी आणायच्या निमित्तानं आत निघून जायची.

तुम्ही गेल्यावर ट्रंकेत तो रुमाल सापडला. मी फोटो नीट स्कॅन केला. आई आली, आबा. थोडी धूसर, पण आईच. उन्हानं डावा डोळा बारीक झालेला, हसू ओठांच्या एकाच कडेला. तुम्ही असताना हे अर्ध्या तासात झालं असतं. तुम्ही मात्र शेवटपर्यंत माझ्याच डोळ्यांकडे बघत जेवलात.

परवा दादाच्या मुलीनं फोन केला. नव्या घरात आजीचा मोठा फोटो लावायचा, छापायला चांगली फाइल पाठव म्हणाली. मी हा खरा चेहरा पाठवला. लगेच तिचा निरोप आला, "आत्या, चुकून दुसराच फोटो आला. ह्या कोण?" दादालाही दाखवला म्हणे, इतकी वर्षं भिंतीवरचाच चेहरा बघून त्यालाही ओळखू आला नाही. सगळं सांगायचं तर तुमच्या भिंतीपासून सांगावं लागलं असतं.

मग तिला माझ्या डोळ्यांची जुनी फाइल पाठवली, आणि तिच्या प्रश्नाला उत्तर लिहिलं, "त्या कारखान्यावरच्या एक काकू आहेत."