तोंडाकडून जड

प्रिय ठकू,

तुझ्या बाबांना जाऊन आठ दिवस झाले त्या सकाळी कुरियरवाला आला. बाबांनीच आधी मागवलेला नवा आयपीस, दुर्बिणीला डोळा लावायची ती भिंगांची नळी, चांगली किलोभर वजनाची. मी सही केली, खोकं फोडलं आणि सरळ गच्चीवर गेले. का, ते विचारू नकोस.

त्यांच्या दुर्बिणीचं ते धूड माझ्याहून उंच, तुला माहीतच आहे. ताडपत्री काढली, वरच्या तोंडाशी आयपीस बसवला, हात सोडला, तर नळकांड्यानं सावकाश मान टाकली. तोंडाकडून जड झालं होतं. बाबा असते तर म्हणाले असते, "अगं, शेपटाला वजन लाव." कारखान्यात लेथवर तीस वर्षं काढलेला माणूस, तोल म्हणजे जीव की प्राण. स्कूटरवरून दोनदा पडले ते सोड.

त्यांच्या लोखंडी चकत्या शेपटाला बांधल्या. दोन कमी पडल्या, चार जास्त झाल्या, तीन बरोबर. दुर्बीण आडवी असताना जागची हलेना, पण वर उचलली की मागे कलंडायची. मग चकत्या पोटाकडच्या बाजूला सरकवल्या, तेव्हा कुठे जिथं सोडावी तिथं थांबायला लागली. जेवायचं राहिलं ते चार वाजता कळलं. मग तिची डुगडुग. स्टँडची चाकं काढून पायांखाली रबराचे तुकडे दिले. दूरच्या टॉवरचं टोक धरायचं, टिचकी मारायची आणि मोजायचं. आधी पाच सेकंद थरथरायचं, नंतर दोन. शेजारीण जिन्यातून बघत होती. "बाईचं डोकं फिरलंय," असं ती तुझ्या मावशीला म्हणाली म्हणे. मला राग आला नाही. काहीच आलं नाही.

अंधार पडल्यावर शनी लावला. कडं अगदी स्वच्छ दिसलं. बाबा याच्यासाठी वर्षभर धडपडले. मला ते नुसतं दिसलं. ताडपत्री घातली आणि खाली आले.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. तू रोज फोनवर विचारतेस, "आई, रडलीस का गं? रडून घे." मी म्हणते, "हो, रडले." खोटं आहे ते. आज अठरा दिवस झाले, डोळ्याला टिपूस नाही. बेचाळीस वर्षांचा संसार, आणि आत नुसतं लाकूड. तुझं रडं ऐकलं की खरं तोंडातून निघत नाही. आईचा बाबांवर जीवच नव्हता, असं तुला वाटेल, एवढी एकच भीती मला अजून वाटते. तेवढी तरी वाटते आहे, तीही जायच्या आत लिहून टाकलं.

तुझीच,
आई