हजेरीतला दोक्सू

पोहांग, ७ जून १९६८

ती. आईस,
सुनोकचा साष्टांग नमस्कार. मी मजेत आहे. तू दिलेली बरणीभर किमची अजून पुरतेय. तुझा गुडघा कसा आहे?

काल शाळेत १९५०च्या लढाईत कामी आलेल्या माजी विद्यार्थ्यांची हजेरी झाली. शिक्षक एकेक नाव पुकारतात आणि सगळी मुलं मिळून "हजर!" म्हणतात. यंदा पुकारायची पाळी माझी होती. घाबरू नकोस, पण त्यांत एक पेक दोक्सू निघाला. आपल्या धाकट्या दोक्सूचंच नाव, आडनावासकट. तो तिकडे सीमेवर, आणि मी त्याला गेलेल्यांत पुकारू? मी ते नाव गाळलं.

फाटकापाशी वह्यांचं दुकान चालवणारे यांगकाका मागून ओरडले, "बाई, आमच्या दोक्सूची गैरहजेरी मांडली होय? अहो, शाळा मी बुडवायचो, तो नाही!" त्या दोक्सूच्या वर्गातले तेवढे एकटेच लढाईतून परतले. कुणी हसलं नाही.

मग मी पुकारलं. "हजर!" इतक्या जोरात आलं, की पुढचं नाव मला दोनदा पुकारावं लागलं.

आई, आपल्या दोक्सूचं पत्र आलं का गं? आलं की लगेच कळव. बाकी काही लिहू नकोस, नुसतं 'हजर' लिही.

तुझी,
सुनोक