क्वेलच्या आधीचा तारा

ती. बाबांना स्वरूपाचा नमस्कार.

तळवड्यातली खोली हवेशीर आहे, जेवण वेळेवर होतं. पण आज मी फार संतापले आहे.

चाक, चक्र, इंग्रजीतलं व्हील यांची तुलना करून अभ्यासकांनी ‘क्वेल’, म्हणजे फिरणे, हा या भाषांच्या पूर्वज भाषेतला मूळ धातू मांडला. तो कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, म्हणून त्याच्याआधी तारा (*) काढतात. मुलांच्या ॲपसाठी मी लिहिलेल्या धड्यातला तो तारा आमचे वरिष्ठ सलिलसर यांनी खोडला. वर म्हणतात, “अगं, मुलं काय पुरावा मागणार आहेत?” आणि खाली नाव माझं!

तुम्ही घराच्या ओट्यावर मुलांना शिकवताना ‘हे मला माहीत नाही’ असं सरळ सांगायचात.

मी धड्यावरून माझं नाव काढायला लावलं. सोमवारी सरांनी त्याचा जाब द्यायला बोलावलंय.

आईला एवढ्यात सांगू नका. तिचा गुडघा कसा आहे?

नोकरी गेलीच, तर तुमच्या ओट्यावर मीही शिकवीन.

तुमची पहिली विद्यार्थिनी,
स्वरूपा