सरावाची आई

सोमवार, २ जून

झाली बाई माझी निवड! पोस्टाच्या खिडकीमागे एकतीस वर्षं पार्सलं तोलली आणि आता निवृत्तीनंतर थेट नटी झाले. लेकीकडे राहायला येऊन पंधरा दिवस झाले, तेवढ्यात तिच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे मी दोनदा घासले. शेवटी तीच वैतागून म्हणाली की आई, बाहेर काहीतरी काम शोध, नाहीतर उद्या माझ्या चष्म्याच्या दुकानात येऊन गिऱ्हाइकांच्या नाकावरचे चष्मे पुसशील. विद्यापीठाची जाहिरातही तिनंच आणली: वैद्यकीय महाविद्यालयाला स्वयंसेवक हवेत.

काम असं आहे. वाईट बातमी कशी सांगायची, हे होऊ घातलेल्या डॉक्टरांना शिकवतात, आणि त्या सरावासाठी खोटे नातेवाईक लागतात. मी एक आई. माझी एकुलती एक मुलगी अपघातात गेली आहे, पण मला ते अजून कुणी सांगितलेलं नाही. विद्यार्थी आत येतो, समोरच्या खुर्चीत बसतो, सांगतो. मग मी रडायचं. भिंतीत एक मोठी काच आहे. आपल्या बाजूनं तो आरसा दिसतो, पण पलीकडे बाकीची मुलं आपल्याला बघत बसलेली असतात.

समन्वयक बाईंनी नियमांचं सोळा पानी पुस्तक हातात दिलं आणि त्यातलं महत्त्वाचं स्वतः वाचून दाखवलं. भूमिकेत स्वतःच्या आयुष्यातलं काही घालायचं नाही. एकच भूमिका दोघी आलटूनपालटून करतात, त्यामुळे एकीनं काही नवं घातलं की ते भूमिकापत्रात चढतं आणि दुसरीचंही होतं. आणि काम संपलं की दाराशी थांबून भूमिका उतरवायची. म्हणजे आपलं नाव, घरी कोण वाट बघतंय आणि संध्याकाळी काय करणार, एवढं बाईंना मोठ्यानं सांगायचं, सही करायची, मगच बाहेर पडायचं. नाही उतरवली तर अंगाला चिकटते, असं त्या म्हणाल्या. मला हसूच आलं. कधीही, कारण न देता माघार घेता येते, असंही होतं. आल्या आल्या कोण घेतंय माघार!

गुरुवार, ५ जून

आज पहिली वेळ. मस्त रडले. सांगणारा मुलगाच इतका घाबरला होता की मलाच त्याला पाणी द्यावंसं वाटलं. दाराशी बाईंना नाव सांगितलं, घरी माझी ढब्बू वाट बघतेय म्हणून सांगितलं. लेक लहानपणी गुटगुटीत होती. आता काडी झाली आहे, पण माझ्यासाठी ढब्बूच.

मग माझी जोडीदारीण आली. माझ्याच वयाची, आवाज साखरेत घोळलेला. मी तिचं नाव गोडबोली ठेवलंय. भूमिका उतरवताना ती म्हणाली की घरी कोणी नाही, मूलबाळ झालं नाही, संध्याकाळी एकटीच खिडकीत बसेन. तेही इतकं गोड की बाईंचे डोळे भरून आले.

मुलं आम्हाला दहापैकी गुण देतात. मला सहा. तिला नऊ.

मंगळवार, १० जून

आज काचेपलीकडे जाऊन तिचं काम बघितलं. माझं संपल्यावर बाई फोनवर होत्या, मी नुसती सही ठोकली आणि पळाले.

गोडबोली रडलीच नाही. बातमी ऐकल्यावर तिनं पर्स उघडली, आत काहीतरी शोधलं, पर्स मिटली, पुन्हा उघडली. बस. माझ्या शेजारचा दाढीवाला मुलगा हुंदके द्यायला लागला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिनं कधी रात्रभर तापाच्या पट्ट्या बदलल्या नाहीत, तिला नऊ आणि मी, खरी आई, मला सहा!

सोमवार, १६ जून

केलं मी. नियम गेला खड्ड्यात.

बातमी ऐकल्यावर मी म्हणाले, शाळेच्या पहिल्या दिवशी ती माझं बोट सोडायलाच तयार नव्हती. एकेक बोट उलगडून सोडवावं लागलं. आणि मी माझी बोटं तशी उलगडून दाखवली. सांगणारी मुलगी ढसाढसा रडली. साडेनऊ! त्यांचे सरसुद्धा आत येऊन वाहवा करून गेले. बाईंनी मात्र बाजूला घेऊन विचारलं की हे तुमचं स्वतःचं तर नाही ना. मी साफ नाही म्हटलं. त्यांनी ते भूमिकापत्रात लिहून घेतलं.

भूमिका उतरवायची राहिली. गोडबोलीचं तोंड कसं झालंय ते बघायचं होतं.

गुरुवार, १९ जून

गोडबोलीनं माझं ते बोट सोडवणं केलं. माझ्याहून सावकाश. दहा.

संध्याकाळी ढब्बूजवळ चडफडत होते. ती हसून म्हणाली की आई, मला आठवतं ते, फाटकाशी तू पण रडत होतीस. मी हो हो म्हटलं. पण मला फाटक आठवेना. रडलेलं आठवेना. बोट उलगडताना डोळ्यांपुढे येतो तो गोडबोलीचा हात, तिची ती जाड अंगठी.

वय झालं, दुसरं काय.

मंगळवार, २४ जून

लेकीच्या कांजिण्यांचे दिवस भूमिकेला दिले. पहिल्या पगारात तिनं मला घेतलेली छत्री दिली. आज ‘ढब्बू’ हे नावसुद्धा दिलं. दिलं की त्या दिवशी मी वरचढ. दोन दिवसांनी तीच गोष्ट गोडबोली करते आणि माझी उरत नाही. मला कळत नाही असं नाही. पण तिला टाळ्या पडतात तेव्हा काही सुचतच नाही.

आज दुपारी ओट्याशी उभी राहून रडत होते. लेक जेवायला आली, काय झालं विचारलं. मी म्हणाले, माझी मुलगी गेली. ती आधी हसली. मग हसायची थांबली.

शुक्रवार, २७ जून

बाईंनी आज दाराशी अडवलं. नुसत्या सह्या चालणार नाहीत, बोला म्हणाल्या. मी नाव सांगितलं, तेही चाचरत. घरी कोण वाट बघतंय? तोंडातून आलं — कोणी नाही.

बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, अहो, आजच माघार घ्या, मी अर्ज आणून देते, दोन ओळींचा आहे.

मी घेणार होते. खरंच घेणार होते. पण मी गेले की ती खुर्ची कायमची तिची. मी नाही म्हटलं.

तेवढ्यात गोडबोली आली उतरवायला. तिनं नाव सांगितलं. माझं. स्पष्ट, ठणठणीत आवाजात. मग म्हणाली, घरी लेक आहे, वाट बघत असेल, आज लवकर जाते. बाईंनी मान डोलावली आणि तिची सही घेतली. मी समोर उभी होते. बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं की आपण कोणाला भेटायला आलात.

सोमवार, ३० जून

तीन दिवस इथेच. रुग्णालयाच्या बाकावर. घर कुठल्या रस्त्याला ते —

चष्म्याचं दुकान आठवतंय. ते मी दिलं नव्हतं. तिथून लेकीच्या मागोमाग जाता येईल.

बुधवार, २ जुलै

गेले. लेकीच्या मागे मागे, घरापर्यंत. बेल वाजवली. दार गोडबोलीनं उघडलं, हाताला पीठ. माझ्या मापाची चप्पल तिच्या पायात.

आतून लेकीनं विचारलं, कोण आलंय गं आई? दोघींनी ओ दिली. लेक बाहेर आली आणि तिनं गोडबोलीकडे बघितलं.

मी ओरडायला हवं होतं. रडले फक्त. येतं ते तेवढंच.

लेकीनं मला बसवलं. पाणी दिलं. समोरच्या खुर्चीत बसून माझा हात धरला आणि म्हणाली की मावशी, आईनं सांगितलंय मला, तुमच्या मुलीचं फार वाईट झालं. इतक्या मायेनं माझी लेक माझ्याशी कधी बोलली नव्हती. मला त्या मावशीचा हेवा वाटला — म्हणजे माझाच — कोणाचा तरी —

गुरुवार, ३ जुलै

पुन्हा आलेय. लेकीनंच बोलावलं. तिला विचारायचंय की तुमची मुलगी कशी होती. तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून वहीत लिहून दाखवतेय.

उंच. काडीसारखी. हसायच्या आधी डावा डोळा बारीक करते. करायची. केस कानामागे — असेच, तू आत्ता घेतलेस तसेच — बघ ना, तूच —

गोडबोली खुर्चीमागून वाचतेय. वाचू नको. हे नाही द्यायचंय मला. हे एवढंच —

डोळा बारीक — कोणता —

समोरची मुलगी रडतेय. माझ्यासाठी. कोणाची आहे कोण जाणे, पण फार गुणाची आहे. हिची आई नशीबवान. किती जळावं तिच्यावर. माझी मुलगी आज असती, तर हिच्याएवढीच