लाल दिवा विझल्यावर

३ मार्च

बाई गेल्या.

मालकांनी स्टुडिओच्या दारातच सांगितलं, हातात चहाचा कप तसाच. "अगं, कळलं का? आपल्या बाई गेल्या. झोपेतच." आणि त्याच दमात — "आता आजच्या रेकॉर्डिंगला आवाज कोण देणार?" मेल्याला दुसरं काही सुचतच नाही!

"आवाज काय, शोधले तर शंभर मिळतील," म्हणे. मी म्हटलं, "मिळतील की. आधी थोडी माणुसकी मिळते का बघा." या जिभेपायी एक दिवस नोकरी जाणार आहे माझी.

पन्नाशी उलटलेल्या मला "पोरी" म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं.

४ मार्च

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शिरले आणि — "दरवाजा बंद होत आहे." बाई! त्यांचा आवाज, मीच रेकॉर्ड केलेला. तेव्हा म्हणाल्या होत्या, "कुणी आत अडकलं तर शिव्या मलाच बसतील ना गं?"

बाहेर पडले. जिने चढून वर आले. गुडघे बोंबलताहेत.

५ मार्च

रडू येत नाही. घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

७ मार्च

काचेच्या त्या बाजूला बाई आणि माइक, या बाजूला मी आणि बटणं. लाल दिवा लागला की बाई कुणीही व्हायच्या — राणी, चेटकीण, बँक, टूथपेस्ट! दिवा विझला की बाई पुन्हा बाई. मग माझ्या हेडफोनमध्ये गप्पा सुरू. यजमानांनी आज भाजी कशी करपवली, पडद्यांच्या रंगावरून दोघं कसे भांडले, मग कोण आधी हसलं. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

संध्याकाळी घरी यायचं, कुलूप काढायचं आणि तो सगळा संसार मनातल्या मनात परत मांडून बघायचा. माझा स्वतःचा कुठे होता? उसन्यावरच भागवलं इतकी वर्षं. आता तोही गेला.

१० मार्च

बाईंचे यजमान स्टुडिओत आले! पहिल्यांदाच पाहिलं. उंच, जरा वाकलेले, बोलताना टोपी हातात फिरवत होते.

"तिचा आवाज मिळेल का?"

"ढीगभर आहे. बँकेचा देऊ? कार्टूनमधला?"

"तो नको हो. तो टीव्हीवर रोज ऐकतो. तिचा साधा. बोलण्यातला." मग हळूच — "घरी ती बोलायचीच नाही. घसा जपायची. खुणांवरच चालायचं आमचं."

बघते म्हटलं. काय बघणार, कपाळ! लाल दिवा असतानाच मशीन आवाज टिपतं. बाई बोलायच्या तो विझल्यावर.

११ मार्च

सगळ्या फायली ऐकल्या. एक खोकला सापडला. बस.

१३ मार्च

यजमानांना फोन केला, काही नाही म्हणून सांगितलं. मग — "तुम्हाला आठवतंय तेवढं सांगाल?"

"कामात आहे," म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

का म्हणून सांगू? त्यांच्याकडे घर आहे, फोटो आहेत, बाईंचे कपडे आहेत. माझ्याकडे काय? एवढंच! सांगून टाकलं की ते त्यांचं झालं. मग मी काय, भिंतींशी बोलू?

मेलेल्या बाईच्या नवऱ्याचा हेवा करते आहे मी. धन्य आहे माझी!

१६ मार्च

नवीन मुलगी आली. आवाज चांगला आहे — खोटं कशाला बोलू. पण दिवा विझला की फोनमध्ये डोकं. हेडफोनमध्ये नुसती शांतता. तरी मी तो कानावरून काढला नाही. वेडीच आहे.

मग रडले. टेबलाखाली वायर शोधायच्या निमित्ताने भरपूर रडले. पोरीने वाकून विचारलं, "काकू, सापडली का?"

काकू!

जेवायच्या सुट्टीत यजमानांना फोन लावला. उद्या या म्हटलं.

१७ मार्च

आले. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले, डोळे मिटून. मी बाईंच्याच ढंगात सुरुवात केली — तुमच्या कुत्र्याने एकदा पाहुण्यांची कवळी पळवली होती ना...

त्यांनी डोळे उघडले. "आमच्याकडे कुत्रा कधीच नव्हता."

"आणि... पडद्यांवरून भांडलात ते?"

"भांडायला बोलावं लागतं."

म्हणजे बाईंनी सगळं रचलेलं! मग त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"बरं, मग? पुढे काय केलं त्या कुत्र्याने?"