कोरडा उद्योग

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाई, पाणी माझ्या हातून सांडलं, असं तू एकदा वर्गात उभी राहून म्हणाली होतीस. आपली पहिली आणि तिसरी एकाच खोलीत बसायची. मला बाहेर जाऊ का असं विचारायचा धीर झाला नव्हता आणि बाकाखाली ओलं झालं होतं. तू तुझ्या रांगेतून उठून आलीस, बाटली माझ्या बाकावर उपडी केलीस आणि ते वाक्य बोललीस. शिक्षा तुला झाली. मला कोणी हसलं नाही.

कालपासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

माळावरची जमीन शेतीतून काढून उद्योगांसाठी द्यायची की नाही, याची काल सुनावणी होती. तिथवर शहराचं पाणी पोचलेलं नाही, गटारही नाही. म्हणून आमच्या नगररचना खात्याने टिपणात लिहिलं की तिथे फक्त कोरड्या उद्योगांना परवानगी द्यावी, म्हणजे ज्यांच्या कामाला पाणी लागत नाही अशांना. खोकी बांधणारे, सुटे भाग जोडणारे. तू माईकसमोर आलीस आणि विचारलंस, कारखाना कोरडा असेल हो, पण आतली माणसं मुतणार नाहीत का?

हॉल हसला. साहेब हसले. मीही हसले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी माईक ओढून म्हणाले, हरकतदार बाईंनी कृपया विषयाला धरून बोलावं आणि आधी आपलं नाव सांगावं. तू माझ्याकडे पाहिलंस, आडनावासकट नाव सांगितलंस आणि जागेवर जाऊन बसलीस.

संपल्यावर मी धावत खाली आले, पण तुझी स्कूटर गेली होती. फोन करायला हात उचलत नाही, म्हणून हे पत्र. भाऊजींना नमस्कार. त्यांनी विचारलं तर काय सांगायचं ते तूच ठरव. माझ्यावरची माया थोडी तरी शिल्लक ठेव.

तुझी,
धाकटी


२० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या भाऊजींचा गुडघा परत धरला आहे आणि औषध घ्या म्हटलं की आमचा मोठा माणूस रुसतो. पेरूची कलमं मात्र छान धरली. त्यांना कोणी औषध घ्या म्हणत नाही म्हणून असेल.

तुझ्या हसण्याचं मी मनावर घेतलं नाही. तू हसताना नाकातून आवाज काढतेस, तो तेवढ्या गर्दीतही ओळखू आला आणि क्षणभर मलाच हसू येणार होतं. पण नाव विचारलंस ते लागलं. लागलं म्हणजे अजून लागतंय. दुसरं कोणी विचारलं असतं तर मी ठणकावून सांगितलं असतं. तू विचारलंस आणि मला माझंच नाव खोटं वाटायला लागलं.

इथे काय चाललंय तेही ऐक. दूधवाला रोज दारात विचारतो, काय ताई, आज कोरडं का ओलं? रोपं घ्यायला येणाऱ्या बायका एकमेकींना कोपरं मारतात. तुझे भाऊजी केस कापायला जाईनासे झालेत. म्हणतात, तोंड उघडायची एवढी काय घाई होती, आता पुन्हा त्या हॉलची पायरी चढायची नाही. आणि मलाही चढायची नाही.

पण विहिरीचं काय, हे कोणी सांगत नाही. माळ वर, आम्ही खाली. शेकडो माणसांच्या संडासांचे शोषखड्डे वर खणले की ते पाझरून कुठे येणार? उतार काय तुमची परवानगी विचारून वाहतो? रोपवाटिका त्याच विहिरीवर आहे आणि आम्ही पितोही तेच.

तुमच्या कचेरीतून सुनावणीचं इतिवृत्त आलं. माझी शंका अप्रस्तुत म्हणून वगळली, असं त्यात आहे. सभ्य लोक त्या गोष्टीला लघुशंका म्हणतात ना? मी तर चांगली मोठी शंका विचारली होती, तुम्हीच ती लघु केलीत! आणि हा कोरडा शब्द ज्या दीडशहाण्याने काढला त्याला दोन दिवस माझ्याकडे पाठव. कोरडाच ठेवते.

जेवण वेळेवर घेत जा. रागावले आहे, पण म्हणून आशीर्वाद मागे घेतलेले नाहीत.

तुझी,
ताई


२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तो दीडशहाणा मीच आहे.

गटार नाही तर उद्योग नाही, यावर प्रकरण किती महिने अडलं होतं. बैठकीत साहेबांनी वाट विचारली आणि मी म्हणाले, मग कोरडेच उद्योग येऊ द्या. सगळे वा म्हणाले. घरी येऊनही मी तो शब्द दोनदा बोलून दाखवला, इतका मला आवडला होता. यंत्रांना किती पाणी लागेल याचा मी विचार केला होता. माणसं माझ्या टिपणात फक्त रोजगाराच्या रकान्यात होती.

तू विचारलंस तेव्हाच मला कळलं की तुझं बरोबर आहे. म्हणून तर हसले. आणि नाव का विचारलं तेही लिहून टाकते. मला भीती वाटली, तू सगळ्यांसमोर मला घरातल्या नावाने हाक मारशील. मुतण्याबद्दल विचारणारी बाई माझी सख्खी बहीण आहे हे साहेबांना कळेल. एवढीशीच भीती होती ती, ताई. एवढीशीच निघाले मी.

काल साहेबांना सांगितलं की टिपण चुकलं आहे, दुरुस्त करू. ते म्हणाले, त्यावर कोणाची हरकत नोंदलेली नाही, तुम्ही नसते उद्योग करू नका. आमचा नियमच असा, की सुनावणीत हरकतदार विचारेल त्याचंच उत्तर आम्हाला देता येतं. बाकीच्या हरकती मी पाहिल्या. रस्ता, धूळ, ट्रकचे भोंगे. त्या दिवशीच्या हशानंतर पाण्याचं कोणी काढलेलं नाही.

पुढची सुनावणी अठरा मार्चला आहे आणि त्यानंतर लगेच या प्रस्तावावर मतदान. एकदा मंजूर झालं की तुझ्या विहिरीला कोणी वाली नाही.

तू ये. तोच प्रश्न विचार आणि त्याच शब्दात विचार. सांडपाणी म्हणालीस तर योग्य ती व्यवस्था करण्यात येईल असं म्हणून पुढे जातील. सभ्य शब्दांना आमच्याकडे तयार उत्तरं आहेत. तुझ्या शब्दाला नाही. लोक पुन्हा हसतील, दूधवाल्याला नवा विषय मिळेल, आणि ते मला थांबवता येणार नाही. पण माईक माझ्यासमोर असेल. मी म्हणेन की हो, मुततील, ते सगळं खालच्या विहिरींत उतरेल, आणि कोरडा हा शब्द माझा होता, तो मी मागे घेते. विचारणारी माझी थोरली बहीण आहे, हेही म्हणेन. मग मला त्या टेबलावरून उठवलं तरी चालेल.

भाऊजी नको म्हणतील. तूही नकोच म्हणशील, आणि तुझं चूक नसेल. मी तुला तोंडघशी पाडलं आणि पुन्हा तिथेच उभं राहायला सांगते आहे. लोभ असावा असं लिहायला तोंड नाही, म्हणून एवढंच मागते. नाही म्हणणार हे धरून चालले आहे, तरीही, ताई, ये.

तुझी,
धाकटी